चोचीतले उंबर

एका जंगलात, म्हणजे समुद्रात खूप आत असलेल्या एका बेटावरच्या जंगलात, धनेशराव आणि धनेशबाई हे पक्ष्यांचे जोडपे राहत होते. दोघांच्या चोची मोठ्या. धनेशरावांचा आवाज चोचीहून मोठा.

मुलांनो, धनेश पक्ष्यांची एक रीत असते. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत बसते आणि ढोलीचे तोंड चिखलाने लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट तेवढी ठेवते. आत तिच्या पंखांची पिसे गळतात, म्हणून तिला उडता येत नाही. मग नर बाहेरून फळे आणून फटीतून भरवतो. भिंत असते म्हणून पिल्लाला घोरपड खात नाही. नवरा असतो म्हणून पिल्लू उपाशी मरत नाही.

धनेशबाईने अशीच भिंत घातली. आत एक पिल्लू झाले. धनेशराव उंबरे आणू लागले.

त्याच सुमारास बेटावर प्रवाशांच्या होड्या येऊ लागल्या. लोकांना रानातले खरे प्राणी बघायचे होते. तुळाजी नावाचा वानर त्यांना वाट दाखवायचा. साप दाखवला तर लोक पळत. खेकडा दाखवला तर भाव विचारत. ढोलीपाशी आणून धनेशरावांचे भरवणे दाखवल्यावर मात्र सगळे गहिवरले. बायका आपापल्या नवऱ्यांकडे बघू लागल्या. नवरे आपापल्या कॅमेऱ्यात बघू लागले.

तुळाजीने धनेशरावांना बाजूला घेऊन समजावले, की भरवणे फार पटकन उरकते, लोकांना फोटो मिळत नाही, तेव्हा उंबर चोचीत धरून जरा थांबत जा. धनेशराव थांबू लागले. मग मान तिरपी करून थांबू लागले. एका होडीचे फोटो होईतो दुसरी होडी लागायची. तिच्यासाठीही तेच उंबर चालायचे.

"अहो, उंबर देताय ना?" आतून धनेशबाई म्हणाली. "पिल्लू सकाळपासून चोच वासून बसलंय."

"जरा थांब," धनेशराव चोच न उघडता म्हणाले. "उजेड छान पडलाय."

"इथं पोटात अंधार पडलाय."

"अगं, ही माणसं आपल्या संसाराचं कौतुक करायला आलीत. त्यांच्याकडे पाठ कशी फिरवू?"

पिल्लू आधी रडायचे. मग ते रडेनासे झाले. त्या गप्प बसण्याची धनेशबाईला भीती वाटली. झाडाखाली घोरपड येऊन बसली होती. तिला फोटोत रस नव्हता. ती भिंतीकडे बघत होती.

शेवटी धनेशबाईने भिंत फोडली आणि ती बोडक्या पंखांनी फांदीवर उतरली. पिल्लाला म्हणाली, "आतून पुन्हा लिंपून घे. माझी चोच दिसली तर तोंड उघड. बाबा आले तर आधी उंबर माग."

पिल्लाने उरलेल्या चिखलाने चोचीपुरती फट ठेवून भोक बुजवले. घोरपड वर चढली, ओली भिंत चाटून बघितली आणि तोंड वाकडे करून खाली गेली.

धनेशबाई फांद्यांवरून चालत उंबराच्या झाडावर गेली आणि चालतच परत आली. दिवसभर तिच्या खेपा चालल्या. पिल्लू पुन्हा रडू लागले, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

प्रवासी मात्र नाराज झाले. ही सोललेली कोंबडी फोटोत मधेमधे का येते, असे एकाने विचारले. आदर्श नवऱ्याचा कार्यक्रम आता बुडणार, असे तुळाजीला वाटले.

धनेशराव शांत होते. त्यांनी चोचीतले उंबर गिळून टाकले आणि घसा साफ केला.

"आमच्या समाजात बायका आत असतात," ते म्हणाले. "मी मात्र हिला पूर्ण मोकळीक दिली आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकांनी पुन्हा आपापल्या नवऱ्यांकडे बघितले. तेवढ्यात धनेशबाई आणखी एक खेप करून आली.

तात्पर्य : मुलांनो, संसार दोघांचा असतो. एकाने तो करावा, दुसऱ्याने तो दाखवावा. दोन्ही कामे एकट्याने करू पाहणाऱ्याचा फोटो चांगला येत नाही.