डोमाजी हटवारांची जहाजं

डोमाजी हटवार लग्नाचं जेवून उठले की हात धुता धुताच मार्क सांगायचे. "जेवन सात, करमनूक चार, खोली दोन." ऐकणारा नवा असला की गोंधळायचा. जेवणाला सात हे समजण्यासारखं आहे. करमणुकीला चार म्हणजे बँडवाला बेसूर असणार, तेही ठीक. पण लग्नात खोलीला मार्क कसले? तर वऱ्हाड शाळेत उतरवलं होतं आणि शाळेच्या दाराला आतून कडी नव्हती. आतून कडी नसलेल्या खोलीला डोमाजी दोनाच्या वर मार्क देत नसत, मग तिथं गालिचे अंथरलेले का असेनात.

हे तीन विषय त्यांनी जगातल्या सगळ्या गोष्टींना लावले होते. दुर्ग स्टेशनाची वेटिंग रूम, कारखान्याचं कॅन्टीन, मलेरियानं पंधरा दिवस काढले तो दवाखाना, सगळ्यांची परीक्षा झालेली होती. कॅन्टीनचा ठेकेदार तर डोमाजी ताटावर बसले की स्वतः वरण वाढायला यायचा. "आज किती, हटवारजी?" असं अजिजीनं विचारायचा. "पाच. काल साडेपाच होते," असं उत्तर मिळालं की त्याचा दिवस खराब जायचा. एकदा त्यांनी तेरवीच्या जेवणालाही करमणुकीचे मार्क दिले होते, पण तो किस्सा मी मेलेल्या माणसाच्या मानाखातर इथं सांगत नाही.

खरं तर ही परीक्षा लग्नांसाठी नव्हतीच. ती जहाजांसाठी होती.

भिलाईतून समुद्राकडे कुठल्याही दिशेनं निघा, रेल्वेत बसून बसून कंबर मोडते. डोमाजींनी जन्मात पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे वैनगंगा, आणि तीही पुलावरून. पण कोणत्या कंपनीच्या जहाजात रात्रीच्या जेवणाला किती पदार्थ असतात, बँड जेवताना वाजतो की जेवणानंतर, कोणत्या जहाजात खोलीची खिडकी गोल आणि कोणत्यात चौकोनी, हे भिलाईत फक्त त्यांनाच ठाऊक होतं. मुंबईतही फार लोकांना ठाऊक नसावं.

भिलाईत तेव्हा रशियाच्या मदतीनं पोलादाचा कारखाना उभा राहत होता. आम्ही कॅम्पातल्या पत्र्याच्या बॅरकीत राहायचो, एका खोलीत सहाजण. मी नागपूरचा, ट्रेनिंग ऑफिसात टायपिस्ट. डोमाजी तुमसरकडच्या एका खेड्यातले, शेतकऱ्याचं पोर, मॅट्रिकपर्यंत पोचून इंग्रजीत अडकलेले, आणि आता क्रेन ऑपरेटर. दिवसभर उंचावरच्या क्रेनच्या केबिनीत बसून लोखंडाच्या तुळया-खांब इकडून तिकडे न्यायचे. एक दिवस क्रेनखाली एका रशियन साहेबानं टाकून दिलेलं रंगीत पुस्तक त्यांना सापडलं. ते कुठल्याशा जहाज कंपनीचं होतं. संध्याकाळी त्यांनी ते माझ्या खाटेवर आणून ठेवलं.

"बाबू, हे वाचून दाखवा जी. काय लिवलं आहे?"

मी वाचून दाखवलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपन्यांचे पत्ते शोधा, तिसऱ्या दिवशी त्यांना पत्रं लिहा. ऑफिसच्या मशीनवर, सुटी झाल्यावर, चोरून मी ती पत्रं टाइप केली. मजकूर डोमाजींचा, इंग्रजी माझं. 'आम्ही दोघं सागरी प्रवासाच्या विचारात असून आपल्या सोयींची तपशीलवार माहिती पाठवावी.'

"दोघं कोण?" मी विचारलं.

"दोघं लिवा ना. एकट्याले कोन इचारते?"

मला वाटलं दुसरा मीच. मनातल्या मनात मी सुखावलोही होतो.

पुस्तकं आली. गुळगुळीत कागदाची, नव्या छपाईच्या वासाची. डोमाजींना कंपन्यांची नावं उच्चारता येत नसत, ते जहाजाच्या धुरांड्यावरून ओळखायचे. पांढऱ्या चिमणीची कंपनी, लाल पट्ट्याची कंपनी, काळ्या चिमणीची कंपनी. एका वहीत प्रत्येकीला एक पान. पांढऱ्या चिमणीत जेवण नऊ, कारण सकाळच्या फराळालाच चौदा जिन्नस. पण करमणूक पाच, कारण तिथं सिनेमा दाखवत. "सिनेमा तर दुर्गातबी आहे. त्याच्यासाठी समुद्रात काहून जायचं?" लाल पट्टेवाले डेकवर दोरीचं कडं फेकायचा खेळ खेळवत, तो डोमाजींना पसंत होता. आठ. पण त्यांच्या जेवणाच्या यादीत मला भाताचा उल्लेख सापडला नाही, म्हणून तीन.

आमच्या खोलीतला तेलगू सोबती राव हे ऐकून कपाळाला हात लावायचा. त्याचा राग समजण्यासारखा होता. काळ्या चिमणीच्या पुस्तकात खोलीची लांबी-रुंदी दिली होती, ती नेमकी किती होते हे बघायला डोमाजींनी आमच्या खोलीच्या फरशीवर खडूनं अख्खी केबिन आखली होती. इथं वरचा बर्थ, इथं खालचा, इथं हात धुवायचं भांडं, इथं दार. ही केबिन पंधरा दिवस पुसली गेली नाही, आणि रावची खाट बरोबर तिच्या मधोमध होती.

"अरे राव, भिंतीतून काहून जाऊन राहिला? दारातून ये ना."

राव आधी शिव्या द्यायचा. चौथ्या दिवशी मी पाहिलं, तो डबा घेऊन आला, खडूच्या दारापाशी थबकला आणि वळून आत गेला. माणूस कशालाही सरावतो.

मजा झाली ती पुढेच. लाल पट्टेवाल्यांना वाटलं, भिलाईसारख्या ठिकाणाहून इतकी बारीक चौकशी करणारे मिस्टर हटवार म्हणजे कोणीतरी बडे ठेकेदार असणार. त्यांनी आपला माणूसच पाठवला. कोट-टाय घातलेला तो गृहस्थ दुर्गाला उतरला, रिक्षा करून आमच्या कॅम्पात आला, आणि मिस्टर हटवार म्हणून त्याच्यापुढे बनियनवर, हातात कणकेचा गोळा असलेले डोमाजी उभे राहिले. त्या दिवशी स्वयंपाकाची पाळी त्यांची होती.

मला वाटलं, आता धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. पत्रावर सही त्यांची असली तरी इंग्रजी माझं होतं. डोमाजी मात्र जरासुद्धा दचकले नाहीत. त्यांनी पाहुण्याला खाटेवर बसवलं, कणीक रावच्या हवाली केली आणि वही उघडली. तासभर मी दुभाष्याचं काम केलं. जेवण पंधरा मिनिटांत आटपलं, करमणूक दहा मिनिटांत. उरलेला सगळा वेळ खोली.

"दोघाईच्या खोलीले कडी आतून आहे का?"

आहे, साहेब म्हणाला.

"बाजूच्या खोलीतलं बोलनं आयकू येते का?"

साहेब म्हणाला, इंजिनाचा आवाज थोडा येतो.

"इंजिनचं जाऊ द्या. मानसाचं बोलनं. आपलं बोलनं त्याइले आयकू जाते का?"

साहेबानं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. असा प्रश्न आपल्याला आजवर कुणी विचारला नाही, असं तो प्रामाणिकपणे म्हणाला. मग तो आमच्याबरोबर पोळ्या आणि वांग्याची भाजी जेवला, दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली, आणि जाताना डोमाजींना वाकून नमस्कार करून गेला. "मानूस आठ," डोमाजी म्हणाले. "कंपनीचं पाहू."

यानंतर कॅम्पात त्यांचं नाव कप्तान पडलं. रशियात ट्रेनिंगला जहाजानं जाणारी पोरं जायच्या आधी त्यांचा सल्ला घ्यायला यायची. तिकडचं बर्फ पाहिलेले इंजिनियर परत आल्यावर आधी कप्तानाकडे हजेरी लावायचे, आणि डोमाजी त्यांची उलटतपासणी घेऊन वहीतले मार्क दुरुस्त करायचे. शेवटी पहिला नंबर आला काळ्या चिमणीचा. जेवण आठ, करमणूक आठ, खोली दहा. दहापैकी दहा त्यांनी तेवढे एकदाच दिले.

आणि मग तो दिवस आला. नव्या बॅचची यादी टाइप करायला माझ्याकडे आली. क्रेन ऑपरेटर चार, त्यात दुसरं नाव डोमाजी हटवार. आठ महिने रशिया. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की ही बॅच मुंबईहून जहाजानं जाईल, आणि जहाज होतं काळ्या चिमणीचं. आनंदाच्या भरात चुका होऊन ती यादी मला दोनदा टाइप करावी लागली. संध्याकाळी मी अक्षरशः धावत बॅरकीत गेलो. रावनं बातमी ऐकून डोमाजींना उचललंच.

डोमाजी हसले. त्यांनी तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग खाटेवर बसून राहिले आणि त्या दिवशी त्यांनी जेवणाला मार्क दिले नाहीत.

सकाळी ते माझ्या टेबलापुढे उभे. "बाबू, एक अर्ज टाइप करा. मी जाऊन नाही राहिलो."

"का?"

"लिवा, जहाजातली करमनूक बराबर नाही."

"भाऊ, आठ मार्क दिलेत तुम्ही तिला. आणि ट्रेनिंग ऑफिसर मला विचारतील, हा काय चावटपणा आहे, तर मी काय सांगू?"

"मंग घरचं कारन लिवा."

मी मशीनवरचा हात काढला. मला राग आला होता. ज्या माणसासाठी दोन वर्षं चोरून पत्रं टाइप केली, त्यानं असं करावं? मी म्हणालो, खरं कारण सांगितल्याशिवाय एक अक्षर टाइप करणार नाही. डोमाजींनी खिशातून दुसरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यांना क्वार्टर मंजूर झालं होतं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पंधरा दिवसांत स्वतः ताबा घेऊन कुटुंबासह राहायला यायचं, नाहीतर नंबर पुढच्याला, आणि आपण पुन्हा यादीच्या तळाशी.

"परत आल्यावर मिळेल की. वर्ष-दोन वर्षांत."

"सात वर्सं झाली लग्नाले, बाबू." ते खिडकीबाहेर बघत बोलत होते. "घरी अकरा मानसं. एक माजघर, एक ओसरी. आमी दोघं कधी बोललो, तर विहिरीवर. तेबी कोनी येऊन राहिलं का पाहत पाहत. ती जे बोलते ते कानापाशी येऊन बोलते. तिचा आवाज मोठा आहे का बारीक, मले अजून मालूम नाही."

माझ्या डोळ्यांपुढे खडूची ती केबिन आली, आणि दोघं म्हणजे मी नव्हतो, हे मला तेव्हा कळलं. त्या गोष्टीचं मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. मी अर्ज टाइप केला, 'घरगुती कारण' असं लिहिलं, आणि सहीसाठी पुढे करताना त्या माणसाबद्दल मला इतकी माया वाटली की माझं पेनच सापडेना.

दहा दिवसांनी आम्ही दोघं दुर्गाच्या स्टेशनावर अनुसयावहिनींना घ्यायला गेलो. बुटक्याशा, नऊवारी नेसलेल्या, कपाळावर मोठं कुंकू. एक ट्रंक, एक वळकटी आणि लोणच्याची बरणी. रस्ताभर त्या डोमाजींच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होत्या. मला क्षणभर वाटलं, घसा बसलाय.

क्वार्टरला अजून चुन्याचा वास येत होता. वहिनींनी प्रत्येक दार एकदा उघडून, एकदा लावून पाहिलं. मग चहा ठेवला. मी चहा पिता पिता म्हणालो, "वहिनी, तुम्हाला ठाऊक आहे का, भाऊंनी तुमच्यासाठी केवढं मोठं..."

"बाबू, चहा सांडून राहिला तुमचा," डोमाजी म्हणाले. चहा सांडत नव्हता.

मला हाताला धरून ते अंगणात घेऊन आले. "तिले जहाजाचं सांगू नका. तिले काहीच मालूम नाही. म्हनंल, माह्यामुळं राहून गेलं, आन् जीवाले लावून घेईल."

तेवढ्यात वहिनी दाराशी आल्या आणि त्यांनी काहीतरी विचारलं. मला ओठ हललेले दिसले, शब्द ऐकू आला नाही. डोमाजी दोन पावलं जवळ गेले.

"मोठ्यानं बोल ना. इथं कोन आहे? आपलंच घर आहे."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाशी धरला. डोमाजींना काय वाटलं कोण जाणे. ते फाटकातून बाहेर पडले, रस्ता ओलांडला, आणि समोरच्या विजेच्या खांबापाशी जाऊन उभे राहिले.

"हां, आता हाक मार."

वहिनींनी नवऱ्याचं नाव घेणं शक्यच नव्हतं. "अवो," त्या म्हणाल्या.

"आयकू नाही आलं."

"अवो."

"अजूनबी नाही."

वहिनींनी पदर खांद्यावर टाकला, एक श्वास घेतला आणि हाक मारली. काय सांगू तुम्हाला. शेतातून पलीकडच्या गावाला ऐकू जावा असा खणखणीत, गोड, मोकळा आवाज होता तो. शेजारच्या क्वार्टरातून एक बंगाली बाबू दाढीला साबण लावलेला बाहेर आला. त्याच्या पलीकडून दोन तेलगू गृहस्थ आले. टोकाच्या घरातला पंजाबी फोरमन, ज्याला मराठी ओ की ठो कळत नव्हतं, तोसुद्धा "आया जी, आया" म्हणत चपला शोधत धावला. अख्ख्या ओळीतला एकही नवरा घरात राहिला नाही.

फक्त ज्याला हाक मारली होती तो खांबाला टेकून उभा होता, आणि ओ देत नव्हता. मी धावत त्यांच्याकडे गेलो.

"भाऊ, अहो ओ द्या ना. वहिनी थांबल्यात."

डोमाजींनी माझा दंड घट्ट धरला. डोळे पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"थांबा, बाबू," ते म्हणाले. "अजून एक खेप हाक मारू द्या."