पन्नास अब्ज पाहुण्यांची सरबराई

माणूस स्वतःच्या वजनाला कधीच जबाबदार नसतो, हे आता सर्वमान्य आहे. हा दोष पूर्वी थायरॉईडकडे होता, मग आनुवंशिकतेकडे, काही काळ बदलापूरच्या पाण्याकडे. सध्या तो बदली होऊन आतड्यातल्या जीवाणूंकडे आला आहे (कार्यभार स्वीकारल्याचा व्हिडिओ तुम्हाला आलाच असेल).

बदलापूर गावातल्या कल्पेशला तो पाहून हलकं वाटलं. वजनकाट्याला वाटलं नाही. तो एकशे चारच दाखवत राहिला. अंबरनाथ पश्चिमेच्या डॉक्टर विनिता यांनी त्याला तीन महिन्यांची मुदत दिली होती: दहा किलो उतरव, नाहीतर साखरेच्या गोळ्या जन्मभर. त्याचे वडील हरिचंद्र यांच्या पायाची दोन बोटं साखरेनेच गेली होती, त्यामुळे कल्पेश मनापासून घाबरला होता.

घाबरलेला माणूस एकतर चालायला जातो, नाहीतर उल्हासनगरला. कल्पेश रिक्षाने उल्हासनगरच्या स्वस्त बाजारात गेला.

“साईं, जिंदा माल आहे,” दुकानदार म्हणाला. “एका कॅप्सूलमध्ये पन्नास अब्ज. बारीक माणसाच्या पोटात असतात ना, तेच चांगले जीवाणू. बस, इनको संभालना पडता है.” जेवण कमी करा, असंही तो म्हणाला, पण पिशवी हातात दिल्यावर म्हणाला, त्यामुळे ते धरायचं कारण नव्हतं.

घरी आई सगुणाबाईने सगळं नीट ऐकून घेतलं. तिच्या उंबऱ्यातून आजवर कोणी उपाशी गेलं नव्हतं. वरचा बेकायदा मजला पाडायला आलेलं पालिकेचं पथकसुद्धा आधी जेवलं, मग पाडायला गेलं. तिने एवढंच विचारलं, किती जनं? कल्पेशने आकडा सांगितला. तिने माळ्यावरचा, लग्नातल्या हळदीच्या जेवणाचा मोठा टोप उतरवला.

कल्पेशने काकडीचा प्रस्ताव मांडून पाहिला.

“पोटान पावनं आयलान, न त्याना काकडी देशील?” सगुणाबाई म्हणाली. “गावान तोंड कसं दाखवू मी?”

बुधवारी बोंबील, शुक्रवारी मटण, रविवारी मटण आणि वडे असं ठरलं. सोमवार ते पाळतात की नाही याची खात्री नसल्याने त्या दिवशी दोन्ही ताटं होत (एक ताट परत नेणं अपमानाचं). भावकीतून कुंदाकाकीचा तांदळाच्या भाकऱ्यांचा डबा सुरू झाला. कल्पेश स्वतः डाएटवरच होता. तोंड तेवढं त्याचं वापरलं जाई.

तीन महिन्यांनी काट्याने एकशे तेरा दाखवले.

कल्पेशने डॉक्टरांना शांतपणे समजावलं की वाढलेले नऊ किलो पाहुण्यांचे आहेत, ते वजा धरावेत. मग त्याचे एकशे चार जागच्या जागी आहेत, म्हणजे निदान वाढ तरी रोखली गेली. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट उलटासुलटा पाहिला.

“आणि साखर? तीपण त्यांचीच?”

“हो ना, मॅडम,” कल्पेशचा जीव भांड्यात पडला. “तेच सांगतोय कधीचा.”

“मग गोळ्या कोणाच्या नावावर लिहू?”

कल्पेशने यावर बराच विचार केला. बूट काढून पायाची बोटं एकदा हलवून पाहिली. डॉक्टरांनी तोवर त्याचंच नाव लिहिलं होतं.

हे वाचून तुम्हाला हसू आलं असेल तर ते योग्यच आहे. मघापासून त्या कॅप्सूलचं नाव विचारावं असं मात्र मनात आलं असेल, तर वाईट वाटून घेऊ नका. ते तुमच्या नाही, तुमच्या जीवाणूंच्या मनात आलं आहे.