पेटीतल्या बाई

रविवारी दुपारी उमाने माजघराचं दार लोटून घेतलं, शाळेला मिळालेला टेपरेकॉर्डर पाटावर ठेवला आणि पूजेला बसावं तशी त्याच्यासमोर मांडी घालून बसली. दुसऱ्या दिवशी विस्तार अधिकारी शिरधनकरसाहेब तिचा पाठ बघायला येणार होते. पाठ पसंत पडला, तर रत्नागिरीतल्या शाळेत एक जागा रिकामी होती. ती शाळा घराच्या इतकी जवळ, की मधल्या सुट्टीत येऊन हेमाला पाजून जाता आलं असतं. सध्या उमा जयगडच्या वाटेवरच्या एका वाडीत तिसरीला शिकवत होती. पहिल्या एस.टी.ने जायचं आणि दिवेलागण उलटून गेल्यावर परतायचं. आठ महिन्यांची हेमा दोन्ही वेळा झोपलेली. आई डोळे उघडून बघायला मिळायची ती फक्त रविवारी.

आणि हा रविवार टेपरेकॉर्डरने खाल्ला होता.

साहेबांना यंत्रांचा भारी सोस. उमाने ठरवलं होतं, आपला पाठ आधी टेप करायचा, ऐकायचा, सुधारायचा. पाठाचं टाचण तर तिने कधीच काढलेलं होतं. विषय ‘आपला जिल्हा’. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला मुलांचं अपेक्षित उत्तर, त्याच्यापुढे शाबासकी. मुलांच्या उत्तरासाठी जेवढ्यास तेवढी जागा सोडलेली. अध्यापक विद्यालयातल्या बाई सांगत, ‘मुलाचं उत्तर आपण पुन्हा बोलून दाखवू नये. आणि एखादं उत्तर मुद्दाम चुकू द्यावं. चुकलेल्या मुलाला सावरून घेतलं, की पाठात जीव येतो.’ म्हणून खेडच्या नदीचं चुकीचं उत्तर उमाने केरूकडे सोपवलं होतं. चुकण्याचं केरूला कधीच वाईट वाटत नसे. शनिवारच्या तालमीत तो इतक्या मनापासून चुकला होता, की उमालाच क्षणभर शंका आली.

टेप मात्र काही केल्या जमेना. पहिल्यांदा कावळा आला. दुसऱ्यांदा कपबशी फुटली. तिसऱ्यांदा सासूबाई, आनंदीबाई, दाराशी येऊन म्हणाल्या, “अगो, कोणाशी बोलत्येस एवढं?”

“पेटीशी.”

“आणि ती उत्तर देते?”

“नाही हो, तिच्यासाठी जागा सोडायची.”

“तुझे सासरे असंच बोलायचे माझ्याशी,” म्हणून आनंदीबाई आत गेल्या.

संध्याकाळपर्यंत पाठ एकदाचा टेप झाला. शेवटी शेवटी काय झालं ते उमाला आठवतही नव्हतं, आणि पुन्हा ऐकायला वेळही नव्हता. सोमवारी सकाळी उठून तिने हेमाला हाक मारायला तोंड उघडलं, तर आवाज नाही. गरम पाणी झालं, खडीसाखर झाली, काढा झाला. घशातून नुसती हवा.

“सगळा आवाज पेटीत गेला तुझा,” आनंदीबाई म्हणाल्या.

मुख्याध्यापक जोगळेकरगुरुजींनी शाळेत हेच वाक्य ऐकलं असतं, तर त्यांचे कष्ट वाचले असते. उमाच्या खाणाखुणांवरून सगळा प्रकार कळायला त्यांना बराच वेळ लागला. कळल्यावर मात्र ते खूश झाले. “अहो बाई, मग घाबरता कशाला? आवाज आहे की पेटीत! मुलांची तालीम झालेली, जागा सोडलेल्या. चालू करायचं आणि बाजूला उभं राहायचं. साहेब बघतच राहतील.”

ते मात्र खरं ठरलं.

शिरधनकरसाहेब आले, पाठ यंत्रातून होणार हे ऐकून टेबलाला खुर्ची चिकटवून बसले. “वा! बाई, तुम्ही हात लावायचा नाही हं. यंत्र एकटं काय करतं, तेच मला बघायचंय,” म्हणून त्यांनी स्वतःच्या बोटाने बटण दाबलं.

“नमस्ते, मुलांनो!” पेटी म्हणाली.

“नमस्ते, बाई!” वर्ग ओरडला. उमा तोंड मिटून उभी असताना तिचा आवाज येतोय म्हणून दोन मुली तिच्या पदराआड वाकून बघायला लागल्या.

“आता सांगा, खेड हे गाव कोणत्या नदीच्या काठी वसलं आहे?”

सगळ्या माना केरूच्या जागेकडे वळल्या. जागा रिकामी.

“केरू कुठाय?” गुरुजींनी कुजबुजत विचारलं.

“त्याचा बापूस मुंबयहून येनार हाय,” केरूच्या शेजारी बसणारा सदू तितक्याच मोठ्याने कुजबुजला. “तो गेलाय येष्टीवर.”

टेपवर उत्तरासाठी सोडलेली जागा सरत चालली. साहेबांना राहवेना. ते स्वतः मूळचे खेडचे. “अरे, एवढं येत नाही? जगबुडी!”

“नाही हं, बाळा, चुकलं,” पेटी प्रेमाने म्हणाली. “घाबरायचं नाही. मोठी माणसंसुद्धा चुकतात. आता नीट आठवून सांग बघू.”

साहेबांनी पेटीकडे बघितलं. “चुकलं? आमच्या पडवीतून दिसते ती नदी!”

सदू हुशार होता. केरूने शनिवारी कुठल्या नदीचं नाव घेतलं होतं, ते त्याला पाठ होतं. तो उठून म्हणाला, “शास्त्री!”

“आता कसं! शाब्बास!” पेटी म्हणाली.

उमाने धावत जाऊन फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘जगबुडी’ लिहिलं. सदूने तिच्याकडे दयेने पाहिलं. “बाई, तुमी बसा. तुमाला बरा नाय,” म्हणून त्याने फडक्याने फळा पुसून टाकला.

“दापोलीला कशाचं विद्यापीठ आहे?” पेटी पुढे निघाली होती.

वर्गात खुसपुस झाली. शेतीचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण साहेबांना ठाऊक होतं ते चूक निघालं होतं. तेव्हा ठाऊक असलेलं सांगण्यात आता अर्थ नव्हता.

“माशांचं!” वर्ग एका सुरात म्हणाला.

“शाब्बास! किती छान लक्ष आहे तुमचं! आणि आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला काय आहे?”

“डोंगर!”

“अगदी बरोबर!”

गुरुजींनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. उमाने डोळे मिटून घेतले. रत्नागिरीची शाळा, मधली सुट्टी, दारात आनंदीबाईंच्या कडेवर वाट बघणारी हेमा, सगळं डोंगर होऊन पश्चिमेला निघालं होतं.

तेवढ्यात पेटीतून लांबून एक बारीक रडणं ऐकू आलं. मग आनंदीबाईंचा आवाज. “अगो उमा, घे हो हिला आता. सकाळपासून नुसती दाराकडे बघत्ये.”

“आले, आले. एवढा पाठ संपवते, आई,” पेटीतली उमा म्हणाली. “ये गं माझी सोनी. हो, हो. रागावलीस? आज रविवार ना, आणि आई पेटीशीच बोलत्येय. उद्या साहेब यायचेत गं. ते हो म्हणाले ना, की रोज दुपारी येईन हां तुझ्याकडे. रोज. आता रडू नको...”

रडणं थांबेना. मग पेटीतल्या बाई गुणगुणायला लागल्या. नुसतंच हं-हं-हं, थोपटल्याच्या आवाजासकट. तिसरीचा वर्ग हलायचा थांबला. बाईंचं बाळ पेटीत होतं आणि बाईंनी त्याला घेतलेलं होतं, यापुढे जिल्ह्यात कुठे काय आहे याची कोणाला पर्वा नव्हती. उभ्या उमाच्या कानांपासून मानेपर्यंत सगळं लाल झालं. पेटी बंद करायला ती पुढे झाली, तर साहेबांनीच हात आडवा धरला.

हुंदके देत देत रडणं जरा उतरलं. पेटीतल्या उमाने नाक ओढलं, घसा खाकरला.

“हं. तर मुलांनो, आजच्या पाठातून आपल्याला काय समजलं?”

मागच्या रांगेत राही उभी राहिली. ही राही शाळेत आल्यापासून हजेरीलासुद्धा नुसती मान हलवायची. आज तिच्या तोंडून शब्द आले, ते थेट साहेबांच्या अंगावर.

“बाईंचा बाळ रडतंय. बाईंना घरी जावंदे.”

“शाब्बास!” पेटी म्हणाली. “हेच उत्तर मला हवं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवा!”

टाळ्यांचा पाऊस पडला. साहेबांनी बटण दाबून पेटी बंद केली. “बाळ, तुझं नाव काय?”

“राही.”

“खेडची नदी कुठली, माहीत आहे तुला?”

“जगबुडी. माजी मावशी दिलेय तिकडं.”

“मग मघाशी का नाही सांगितलंस? माझी बाजू तरी राहिली असती!”

“मना उत्तर द्यायला भ्या वाटतं.”

“आणि आत्ता नाही वाटलं?”

राहीला साहेबांच्या अकलेचं नवल वाटलेलं दिसलं. “ता काय उत्तर नव्हता,” ती म्हणाली. “बाळ खराच रडत होता.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी गुरुजींना विचारलं, “ही मुलगी आधी बोलायची?”

“तीन वर्षांत आजच ऐकली.”

“हं.” ते उमाकडे वळले. “बाई, पाठ म्हणाल तर भयंकर झाला. पण एका पाठात तुम्ही खेडची नदी हलवलीत, मग तुम्हाला रत्नागिरीला हलवायला माझं काय जातंय? मी तशी शिफारस करतो. या पेटीला मात्र पुन्हा वर्गात आणू नका.”

उमाला खूप काही बोलायचं होतं. तिच्या घशातून फक्त एक ‘चीं’ असा आवाज निघाला, आणि डोळ्यांतून पाणी. तिने हात जोडले.

साहेबांनी पेटीचं झाकण उघडून कॅसेट काढली आणि उमापुढे धरली. तेवढ्यात मागच्या रांगेतून राही पळत आली. बोलायला लागलेली पोर आता कसली थांबते!

“साहेब, ती बाईंना देऊ नको,” तिने कॅसेट दोन्ही हातांत घेऊन पोटाशी धरली. “बाईंना घरी एक बाळ हाय. ह्या बाळाकडं आमी बघू.”