बापूजींचा आवाज आणि माझी कात्री

कॉम्प्युटरवर आवाज कापायचं काम आख्ख्या आर्णीत माझ्याइतकं सफाईदार कोणी करत नाही, असं मी छातीठोकपणे सांगायचो. आता सांगत नाही.

२००८ सालची गोष्ट. कापसाचे दिवस वाईट होते. बाजारापर्यंत माल न्यायलाही लोकांना परवडत नव्हतं, म्हणून कापसाचे व्यापारी मन्सूरभाई मॅटॅडोरमध्ये वजनकाटा टाकून स्वतःच गावोगावी कापूस घ्यायला जायचे. आदल्या दिवशी त्यांचा ऑटो भोंगा लावून फिरायचा. भोंग्यातला आवाज माझ्या वडिलांचा. बापूजींनी चाळीस वर्षं तालुकाभर पुकारे केले. दसऱ्याला हे रेकॉर्डिंग झालं आणि दिवाळीत त्यांना लकवा मारला. वाचा गेली. आवाज म्हणून उरली ती एवढीच एक फाइल. ऑटो दारावरून गेला की बापूजी खाटेवर ताठ बसायचे.

गाव रोज बदलायचं. मी रोज फाइल उघडायचो, कालचं गाव कापायचो, उद्याचं गाव आणि वार माझ्या आवाजात चिकटवायचो आणि त्याच नावाने सेव्ह करायचो. दोन मिनिटांचं काम!

तीन महिन्यांनी मन्सूरभाई माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात येऊन बसले.

"भाऊ, काल जवळ्यात अर्धं गाव बकऱ्या घेऊन आलं."

"कायले?"

"लस टोचून घ्याले! पंचफुलाबाई डोळे तपासाले आली. कापूस कोणीच नाही आणला. भोंग्यातून फक्त 'जवळा, मंगळवार' तेवढं समजते. बाकी कोणी पाण्यात बुडून बोलून राह्यला असं वाटते."

मी फाइल लावली. खरंच की. माझा आवाज खणखणीत आणि बापूजींचा नुसता घरघराट. एमपीथ्री जागा वाचवायला आवाजातलं थोडं टाकून देते. पुन्हा सेव्ह केलं की पुन्हा थोडं टाकते. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की सातबारा वाचता येत नाही, तसंच. मी ती नव्वद वेळा काढली होती.

"पयली फाइल लावा ना," माझी बायको सुरभी म्हणाली.

"पयली नाही आता. रोज तिच्यावरच सेव्ह केलं."

"म्हंजे बापूजींचा आवाज गेला?"

"फाइल आहे ना."

"फाइल घेऊन काय करू?"

आता निदान बापूजींच्या कानावर तो घरघराट पडू नये, म्हणून घरी धावलो. पण ऑटो माझ्याआधीच दारात पोचला होता. बापूजी नेहमीसारखे ताठ बसून ऐकत होते. मग त्यांचे ओठ हलले.

"कोन... बोलून राह्यला... हा?"

तीन महिन्यांतले पहिले शब्द! मला आनंदाने रडू आलं आणि त्याच वेळी मेल्याहून मेल्यासारखंही झालं. खरं सांगायची हिंमत होईना.

"भोंग्यात मीच हाय, बापूजी," मी पुटपुटलो.

बापूजींनी माझ्याकडे पाहिलं. मग सगळा जोर लावून म्हणाले, "तोंड... उघडून... बोल."

मी मान डोलावली. तोंड काही उघडलं नाही.