नायिकेची अक्कलदाढ

दात कोरून पोट भरत नाही, ही म्हण ज्याने काढली त्याने आमच्या डॉक्टरांचा दवाखाना पाहिलेला नसावा. डॉक्टरांचं पोट आयुष्यभर दातांवरच भरलं, आणि चांगलं भरलं. तक्रार पोटाची नव्हती, नजरेची होती. समोर माणूस आला की डॉक्टर आधी त्याच्या तोंडाकडे बघत. तोंड उघडं असेल तर तोंडात बघत. आणि एकदा आत शिरले की त्यांना बाहेर काढणं महाकठीण होई.

अशा माणसाच्या बायकोला ऑपेराचा नाद लागावा, यात दैवाचा हात असलाच पाहिजे. बाई शाळेत भूगोल शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. आता आईने करायचं काय, या काळजीने लेकीने भिंतभर टीव्ही आणि ऑपेराच्या डिस्कचा एक जाडजूड संच पाठवला. बाईंना त्या परक्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण अर्थ खाली लिहून येई. पहिल्याच दिवशी चांगली भरभक्कम, पन्नाशीची एक गायिका सोळा वर्षांची पोर म्हणून रंगमंचावर आली. बाईंना हसू आलं. मग तिने तोंड उघडलं, आणि बाईंच्या अंगावर काटा उभा राहिला. गाणं संपेपर्यंत त्या मनसोक्त रडल्या.

तेवढ्यात डॉक्टर चहाचा कप घेऊन आले. त्या टीव्हीत गाणाऱ्याच्या कपाळावरचा घामसुद्धा स्वच्छ दिसे, आणि ऑपेरा म्हणजे तीन तास उघडी तोंडं. डॉक्टर उभे राहिले ते उभेच.

"जरा थांबव," ते हळूच म्हणाले.

नवऱ्याच्या काळजाला सूर भिडला असं वाटून बाईंनी चित्र थांबवलं. डॉक्टर पुढे झाले, चष्मा कपाळावर सरकवला आणि टीव्हीला नाक लावून म्हणाले, "वरची डावी दाढ. भरलीय, पण भरणाऱ्याने हात आखडता घेतलाय."

त्या दिवसापासून रिमोट डॉक्टरांकडे गेला. खलनायकाची कवळी, राजाच्या हिरड्या, मागे उभ्या राहून गाणाऱ्यांच्या पुढच्या रांगेतला एक किडका सुळा, सगळं त्यांनी मागेपुढे करून तपासलं. एकदा तर नायक ऐन मरताना तोंड वासून थिजला आणि डॉक्टर चष्मा पुसून येईपर्यंत त्याला प्राण सोडता आला नाही. बाईंनी समजावलं, रागावून पाहिलं, दोन दिवस अबोलाही धरला. पालथ्या घड्यावर पाणी.

सुटका झाली ती चौकातल्या जुन्या थिएटरमुळे. तिथे रविवारी सकाळी मोठ्या पडद्यावर ऑपेरा दाखवू लागले. पडद्याला रिमोट नसतो, ही गोष्ट बाईंना स्वर्गसुखाची वाटली. त्या एकट्या जात, मधल्या रांगेत बसत, हवं तेवढं रडत आणि हलक्या मनाने घरी येऊन स्वयंपाकाला लागत. डॉक्टर रविवारी उशिरा उठत, त्यामुळे त्यांना बरोबर नेण्याचा प्रश्न कधी आलाच नाही.

पण सुखाला दृष्ट लागते. एका रविवारी थिएटरच्या मालकाने बाईंना दारातच गाठलं. माणूस वाईट नव्हता, पण हॉलमध्ये माणसांपेक्षा खुर्च्याच जास्त होत्या. तो म्हणाला, पुढच्या रविवारी हॉल निम्मा तरी भरला पाहिजे, नाहीतर ऑपेरा बंद आणि त्या वेळेला लहान मुलांची कार्टून सुरू. ऑपेरा बंद म्हणजे पुन्हा घर, पुन्हा टीव्ही आणि पुन्हा दाढा.

जेवताना त्यांनी हे डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर अरसिक असतील, पण निर्दय नव्हते. बायकोचा उतरलेला चेहरा पाहून त्यांचा घास हातातच राहिला. ते म्हणाले, "हॉल भरायचं माझ्याकडे लागलं. तू निश्चिंत राहा."

आता हॉल कसा भरला तेही सांगायला हवं. दवाखान्यातल्या खुर्चीत माणूस आडवा असतो, तोंडात कापूस, आरसा आणि थुंकी ओढणारी नळी असते, आणि नेमक्या त्याच वेळी डॉक्टरांना गप्पा मारायची हुक्की येते. मुलं काय करतात, घर बांधून झालं का, असं सगळं ते तेव्हाच विचारतात आणि पेशंट आपला "आं" म्हणतो. त्या आठवड्यात डॉक्टरांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला.

"रविवारी ऑपेराला येताय ना?"

"आं."

"शाब्बास. घरच्यांनाही आणा."

तोंडात सामान असताना नकार देऊन दाखवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. तोंड मोकळं झाल्यावर काहीजण कुरकुरले, पण ज्याची अर्धी दाढ डॉक्टरांच्या हाती शिल्लक आहे तो वाद किती घालणार?

रविवारी थिएटर भरलं. कुणाचा गाल सुजलेला, कुणाची कवळी नवी कोरी, बँकेचे मॅनेजर एकाच बाजूने पॉपकॉर्न चावत बसलेले. बाईंचे डोळे भरून आले. फक्त एकच गोष्ट मनात खुपत होती. एवढ्यांना बोलावलं म्हटल्यावर डॉक्टरांना स्वतः यावं लागलं होतं. बाईंनी त्यांच्याकडून वचन घेतलं की काय वाटेल ते झालं तरी तोंड उघडायचं नाही.

पहिला अंक डॉक्टरांनी ओठ घट्ट मिटून काढला. पण घरचा टीव्ही वेगळा आणि थिएटरचा पडदा वेगळा. इथे गाणाऱ्याचं तोंड उघडलं की दुकानाचं शटर वर गेल्यासारखं वाटे. शेवटच्या अंकात नायिकेने विष घेतलं आणि विष घेतलेला माणूस ऑपेरात करतो तेच केलं, म्हणजे भरपूर वेळ गायली. कॅमेरा तिच्या जवळ जवळ जात राहिला. सूर चढला, जबडा आणखी उघडला, आणि खाली अगदी आत, हिरडीत आडवी झोपलेली अक्कलदाढ दिसली.

डॉक्टरांचा स्वतःवरचा ताबा सुटला. दवाखान्यातल्या त्यांच्या शांत, खणखणीत आवाजात ते म्हणाले, "अजून थोडं मोठं उघडा."

हॉलने उघडलं. या आवाजाचं ऐकायची सवय प्रत्येकाच्या जबड्याला होती. रांगेमागून रांग अंधारात आ वासून बसली. मॅनेजरांच्या तोंडातला पॉपकॉर्न मांडीवर पडला.

"घाबरू नका. दुखलं तर फक्त डावा हात वर करा."

नेमक्या त्याच क्षणी पडद्यावर नायिकेने डावा हात आभाळाकडे उचलला.

कुणीतरी फसकन हसलं. मग जे सुरू झालं ते आवरेना. तिकडे नायिका जीव सोडत होती, इकडे लोक पोट धरून वाकले होते. मागून एका आजींनी काळजीने विचारलं, "डॉक्टर, काढावी लागेल का तिची?"

"काढायलाच हवी. आडवी आलीय," डॉक्टर म्हणाले आणि मग त्यांना आपण कुठे आहोत ते आठवलं. शेजारी बाईंनी चेहरा ओंजळीत लपवला होता.

दिवे लागले तेव्हा मालक दाराशी उभा होता. बाई मेल्याहून मेल्यासारख्या त्याच्याकडे गेल्या, मागून डॉक्टर मान खाली घालून. चूक माझी, यांना आणायलाच नको होतं, असं बाई सांगत होत्या, पण मालक रुमालाने डोळे पुसत होता, आणि ते डोळे हसून हसून ओले झाले होते.

"बाई, ऑपेरा चालू ठेवतो," तो म्हणाला. "लोक आत्ताच विचारतायत पुढच्या रविवारचं. फक्त डॉक्टर हवेत. मी त्यांना माइकची सोय करून देतो."

भीक नको पण कुत्रा आवर, अशी बाईंची गत झाली. ऑपेरा वाचला होता आणि त्यांचा मात्र पार बुडाला होता. घरी आल्यावर डॉक्टरांनी मनापासून माफी मागितली. मी येत नाही म्हणून सांगतो, असंही म्हणाले. पण ते गेले नाहीत तर थिएटरमध्ये कार्टून येणार. बाईंनी सुस्कारा सोडला आणि जा म्हणाल्या.

पुढच्या रविवारी डॉक्टर भांग पाडून, कोट चढवून निघाले. बाई डोकं दुखतंय म्हणून मागे राहिल्या. दार लागलं. घर शांत झालं. आणि मग बाईंच्या लक्षात आलं की डॉक्टर तिथे आहेत म्हणजे इथे नाहीत. डोकं दुखायचं तत्काळ थांबलं. थिएटरमध्ये लागला होता तोच ऑपेरा त्यांनी संचातून शोधून लावला, पाय वर घेतले आणि उशीला टेकल्या. कुणी थांबवलं नाही, कुणी मागे घेतलं नाही. आपल्याच घरात आपण एवढ्या सुखात बसू शकतो, हे त्यांना नवीन होतं.

शेवटचा अंक सुरू झाला होता. ऑपेरात नायिका मरणार हे ठरलेलंच, प्रश्न फक्त कशाने. या खेपेला थंडीने. ती बर्फात गुडघे टेकत होती तेवढ्यात कुलूप वाजलं आणि डॉक्टर आत आले. कोट हातात, चेहरा आंबट.

"संपला?" बाईंनी विचारलं.

"नाही. मध्यंतरात उठून आलो."

ते खुर्चीच्या कडेवर टेकले. हॉल खचाखच भरला होता म्हणाले, माइकही होता. पण पहिल्या अंकात ती पोरगी एकटीच खिडकीशी उभी राहून गायला लागली आणि काय झालं कोण जाणे, दातांकडे बघायचंच राहून गेलं. इकडून मॅनेजर कोपराने ढोसतायत, डॉक्टर, कुठली दाढ? मागून आजी विचारतायत, वरची की खालची? माइकमधून सगळ्यांना गप्प बसा म्हटलं, तर त्यालाही हसले.

"माणसाला दोन मिनिटं धड ऐकू देत नाहीत तिथे," डॉक्टर अगदी कळवळून म्हणाले. "लोकांना काही कळतच नाही गं."

बाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांना राग आला, हसू आलं, आणि त्या माणसाबद्दल मायाही दाटून आली. त्या सोफ्यावर थोड्या सरकल्या.

"बसा इथे. अजून मेली नाहीये."

"वेळ आहे ना?"

"पुष्कळ आहे."

डॉक्टर त्यांच्या शेजारी येऊन बसले. भिंतभर पडद्यावर नायिकेने तोंड उघडलं, आणि डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले.