वाळूचा सिनेमा

"आज काहीही होवो, मला सिनेमाचा शेवट बघायचाय!" पायात चप्पल सरकवता सरकवता सिस्टरबाईंनी जाहीर केलं. "लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तुमच्या शेजारी बसून एका तरी सिनेमाचा शेवट बघितला असेल तर शपथ!"

"मग तो काय माझ्या एकट्याचा दोष आहे?" गळ्यातली टेप काढून खुंटीला अडकवत टेलरमास्तर म्हणाले.

नव्हताच. दोघांचा निम्मा निम्मा होता. मास्तरांना पडद्यावर माणसं दिसतच नसत, कपडे दिसत. नायक नायिकेला मिठीत घ्यायला हात पसरतोय, अख्खं थिएटर श्वास रोखून बसलंय, आणि मास्तर ओरडणार, "अरे, काखेत ओढतंय त्याला! हात खाली घे, उसवेल!"

सिस्टरबाईंचं दुखणं निराळं. त्या दवाखान्यात नर्स. पडद्यावर कुणी साधं शिंकलं तरी त्या खुर्चीच्या टोकाशी येत. मागच्या वेळी नायकाची आई मरता मरता मुलाला घराण्याचं गुपित सांगत होती. सगळ्यांचे रुमाल बाहेर आलेले. तेवढ्यात सिस्टरबाई उठून उभ्या राहिल्या. "एवढी घडाघडा बोलतेय, तिला काय धाड भरलीय मरायला? उठवून बसवा तिला! आणि सलाईन संपलंय, कुणाचं लक्ष आहे का तिकडे?"

त्या दिवशी मॅनेजरने दोघांना दारापर्यंत पोचवलं आणि हात जोडून सांगितलं, "पुन्हा तोंड उघडलंत, तर या थिएटरची पायरी तुम्हाला कायमची बंद." आणि पडदे पाच-सहा असले, तरी गावात थिएटर एकच. म्हणजे आजची संधी शेवटचीच समजा.

म्हणून वाटेतच दोघांनी तह केला. माणसं प्रामाणिक होती. प्रत्येकाने आपापली खोड ओळखून अट घातली.

"आजारी कुणी नको," सिस्टरबाई म्हणाल्या.

"आणि कपडे नकोत," मास्तर म्हणाले.

तह उत्तम होता. घोळ झाला तो खिडकीपाशी. मास्तर तिकिटाच्या भोकाशी वाकले आणि त्यांच्या खणखणीत आवाजात विचारते झाले, "दादा, कपडे नसलेला सिनेमा कोणता आहे हो?"

तिकीटवाल्याचा हात जागच्या जागी थिजला. मागून ढकलाढकली करणारी रांग झटक्यात एक पाऊल मागे सरकली. एक आजोबा तेवढे पुढे आले.

"काका, वयाचा तरी विचार करा," तिकीटवाला कसाबसा म्हणाला. "इथे बायाबापड्या येतात."

नवऱ्याची अब्रू चाललेली बघून सिस्टरबाई सावरायला धावल्या. "अहो भाऊ, गैरसमज नका करून घेऊ. आमच्या ह्यांना कपडे दिसले की राहवतच नाही. आरडाओरडा करतात. मला मेलीला कपड्यांचं काही नाही. फक्त माणसं धडधाकट हवीत!"

रांगेतल्या एका बाईंनी "अगं बाई!" म्हणून पदर तोंडाला लावला. तिकीटवाल्याने बसल्या जागेवरून अशी हाक मारली की मॅनेजर हातातला चहा हिंदकळवत धावत आला.

"तुम्ही दोघं!" तो ओरडला.

मग खुलासे झाले. मास्तरांनी काखेचं सांगितलं, बाईंनी सलाईनचं. ऐकता ऐकता मॅनेजरचा पारा जरा उतरला, पण घोडं अडलं ते अडलंच.

"लग्नाचा आहे एक," तो म्हणाला.

"लग्नात कपडे सोडून दुसरं असतं काय?" मास्तर म्हणाले.

"बरं, भुताचा?"

"भूत म्हणजे शेवटी पेशंटच की," बाई म्हणाल्या. "वेळेवर निदान झालं असतं तर कशाला आली असती ही वेळ त्याच्यावर?"

"पैलवानांचा घ्या!" आजोबा मध्ये पडले. "कपडे नाहीत, अन् माणसं कशी धडधाकट!"

"चड्डीला शिवण असते, आजोबा," मास्तर गंभीरपणे म्हणाले.

आता रांगही पेटली. कुणी म्हणालं मगरीचा, कुणी म्हणालं विमानाचा. ज्याला त्याला यांच्या संसाराची काळजी! शेवटी तिकीटवालाच वैतागून म्हणाला, "वाळूचा बघा. नुसतं वाळवंट आहे. मध्यंतरापर्यंत माणूस औषधालासुद्धा नाही. मी स्वतः बघितलाय."

मध्यंतरानंतर काय, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

आत सगळ्या खुर्च्या मोकळ्या. आजोबा अजून आशेवर होते, ते मागच्या रांगेत बसले. मॅनेजर मात्र हातात टॉर्च घेऊन थेट या दोघांच्या पाठीशी बसला.

पडद्यावर वाळू आली. मग आणखी वाळू आली. सिस्टरबाई खूष होत्या. इतक्या निवांत त्या कधी थिएटरात बसल्याच नव्हत्या. "किती निरोगी वाटतंय नाही?" त्या कुजबुजल्या. मास्तरांनी वाळूवरच्या लाटांकडे बघितलं. 'चुण्या काय सुरेख पडल्यात,' असं अगदी ओठांवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं.

मध्यंतर झालं आणि क्षितिजावर एक ठिपका दिसला.

ठिपका मोठा झाला. ठिपक्याला हातपाय फुटले. तो माणूस निघाला, आणि माणूस झोकांड्या खात होता. ओठ फुटलेले, गुडघ्यातून रक्त वाहतंय, आणि अंगातला शर्ट खांद्यापासून फाटलेला!

मास्तरांनी विजेच्या वेगाने बायकोच्या तोंडावर हात दाबला. त्याच क्षणी बायकोचा हात त्यांच्या तोंडावर बसला. मागे मॅनेजरने टॉर्च सरसावली.

त्या मेल्याला तरी अक्कल असावी की नाही? त्याने शर्टाची बाही फाडली, तीही वेडीवाकडी, आणि गुडघ्यावर बांधली. गाठ मारली ती नेमकी जखमेवर. मास्तरांचे डोळे खोबणीतून बाहेर यायला लागले. बाईंच्या घशातून प्रेशर कुकरसारखी शिट्टी निघाली. पण हात कुणाचाच हलला नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात दोघांनी एकमेकांना इतकं घट्ट कधी धरलं नव्हतं.

माणूस रांगत रांगत एका विहिरीपाशी पोचला. त्याने काठावर हात टाकला. बादली खाली सोडली. दोर ताणला गेला, त्याची बोटं सुटायला लागली, आणि पडदा काळा झाला. त्यावर अक्षरं उमटली: 'पुढे काय झालं? पाहा भाग दुसरा!'

दिवे लागले. दोन्ही हात हळूहळू खाली आले.

"म्हणजे?" सिस्टरबाई म्हणाल्या. "शेवट कुठाय?"

"हाच शेवट, बाई," मॅनेजर ओशाळून म्हणाला. "दुसरा भाग अजून काढायचाय म्हणे त्यांना."

सिस्टरबाईंना रडूच कोसळलं. अगदी खरंखुरं, हुंदके देऊन. "आयुष्यात एकदा तोंड मिटून बसले, तर त्या सिनेमालाच शेवट नाही! माझं नशीबच फुटकं!" मास्तर तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

मॅनेजर जागचा उठला नव्हता. या दोघांवर पहारा ठेवायच्या नादात त्याने नोकरीत पहिल्यांदाच एक सिनेमा नीट बघितला होता, आणि आता त्याचा जीव टांगणीला लागला होता.

"बाई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुम्हाला त्यातलं कळतं. तेवढं एक सांगा. वाचतो का हो तो?"

बाईंनी डोळे पुसले. नाक पुसलं. ताठ बसल्या.

"न वाचायला काय झालं? पाणी एकदम घटाघटा प्यायला द्यायचं नाही. मीठ-साखर घालून घोट घोट. ती गाठ आधी सोडायची, जखम धुवायची. दोन बाटल्या सलाईन, दोन दिवस सक्त विश्रांती. आणि शुक्रवारी स्वतःच्या पायांनी चालत घरी जाईल!"

मॅनेजरने सुटकेचा निःश्वास टाकला. "वाचला बिचारा," तो म्हणाला. बाईंच्या चेहऱ्यावर, रडून लाल झालेल्या नाकासकट, शेवट बघितल्याचं समाधान पसरलं.

"शुक्रवारी?" मास्तर खाकरले. "शुक्रवारी कसा जाईल? शर्ट नको त्याला? मंगळवारी ट्रायलला ये म्हणावं."