कापूस लावलेली साळिंदरं

एका जंगलात, बालमित्रांनो, साळिंदरांचं एक कुटुंब राहत होतं. जंगल कुठलं ते विचारू नका. सांगितलं तर उद्या तिथे गाड्यांची रांग लागेल आणि माझी गोष्ट राहील बाजूला.

वडिलांचं नाव दाभणराव. आई सुईबाई. मोठा मुलगा काट्या आणि धाकटी मुलगी टाचणी. साळिंदराच्या अंगावर लांबलचक काटे असतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर चित्रात बघा, हात लावून बघू नका. संकट आलं की साळिंदर पाठ फिरवतं, काटे खळखळ वाजवतं आणि उलटं उलटं चालत शत्रूच्या अंगावर जातं. आपण पाठ फिरवतो ती पळायला. साळिंदर पाठ फिरवतं ते भांडायला.

त्या वर्षी जंगलात तंबूच्या सहलीची टूम निघाली होती. आधीच जंगलात राहणाऱ्यांनी निसर्गात जायचं म्हणजे नेमकं कुठे जायचं, असं एका म्हाताऱ्या कासवानं विचारलं. पण जो तो तंबू शिवायला टाकायच्या घाईत होता. माकडं आपलं झाड सोडून समोरच्या झाडावर राहून आली आणि पुढे महिनाभर तेच सांगत बसली.

मग दाभणरावांनाही राहवेना.

"अगं, पोरं सारखी बिळात असतात," ते म्हणाले. "निसर्गाशी नातं तुटत चाललंय त्यांचं."

"अहो, बीळ निसर्गातच आहे," सुईबाई म्हणाल्या.

"तसं नव्हे गं."

मग कसं, ते त्यांनी सांगितलं नाही. शिंपी पक्ष्याकडून पळसाच्या पानांचा एक सुरेख तंबू मात्र शिवून आणला.

आता पोरांना घेऊन बाहेर पडायचं म्हणजे त्यांच्या तब्येतीचा सल्ला नको का घ्यायला? त्यासाठी जंगलात एकच जागा होती. ओढ्याकाठी टिटवीबाई राहत. टिटवी रात्री पाय वर करून झोपते, आभाळ पडलं तर झेलायला, हे तुम्ही ऐकलं असेल. आजवर आभाळ पडलेलं नाही. ते आपल्यामुळेच, असं टिटवीबाईंचं म्हणणं होतं आणि ते खोटं ठरवणं फार कठीण होतं. त्यामुळे बालसंगोपनातला त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई.

टिटवीबाई मनानं वाईट नव्हत्या, हे मी आधीच सांगून ठेवतो. त्यांना सगळ्या जगाच्या पिल्लांची खरोखर काळजी वाटे. फक्त सगळ्या जगाची पिल्लं टिटवीची आहेत, असं त्यांना वाटे.

"सकाळी अनशापोटी कोवळी अळी," त्या म्हणाल्या. "चावायची नाही, गिळायची. दिवसातून एकदा आनंदाचा तास ठेवा, त्यात हसणं सक्तीचं. ओढ्याच्या काठावर जायचं नाही, सर्दी होते. आणि झोपताना उताणं. पाय वर."

"बाई, आमच्यात उताणं कुणी झोपत नाही," सुईबाई चाचरत म्हणाल्या.

"म्हणजे आभाळाची जबाबदारी दुसऱ्यांवरच का?"



घरी येऊन दाभणराव-सुईबाईंनी अंगणात तंबू लावून पाहिला. मुलांना उताणं झोपवलं. क्षणभर सगळं छान होतं. मग काट्यानं कूस बदलली आणि तंबूच्या तळाची चाळण झाली. टाचणीला हसू आलं, ती गडाबडा लोळली, आणि चारी भिंतींचीही झाली.

दाभणरावांनी कपाळाला हात लावला. तंबू पुन्हा शिवायला गेला आणि दाभणराव पुन्हा टिटवीबाईंकडे.

"अहो, उघडे काटे?" टिटवीबाई किंचाळल्या. "लहान मुलांच्या अंगावर? आणि तुम्ही आजवर गप्प बसलात? डोळ्यात जाईल ना कुणाच्या! प्रत्येक टोकाला कापूस लावा. आजच्या आज."

इथे सुईबाईंबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्यासारखा डिंक पंचक्रोशीत कुणाला जमत नसे. बाभळीचा डिंक त्या अशा काही शिजवत, पळीनं ढवळत, तार येईपर्यंत हलत नसत, की एकदा चिकटलेली वस्तू पुढच्या पिढीलाच सुटी व्हावी. त्यांनी सावरीचा कापूस आणला, पातेलंभर डिंक केला आणि आधी मोठ्या मुलाच्या एकेका काट्याला पांढरं बोंड बसवलं. मुलांना एकटं वाटू नये म्हणून दाभणरावांनी स्वतःलाही लावून घेतलं. मग सुईबाईंनीही लावलं.

टाचणीची पाळी आली तेव्हा डिंक संपत आला होता. सुईबाईंनी पातेल्यात पाणी घालून तळाचं खरवडलं आणि तेवढ्यावरच भागवलं. जातीच्या सुगरणीला असलं काम आवडत नाही. पण काट्या झोपेला आला होता आणि दाभणराव घाई करत होते.

"आई, मी कशी दिसते?" टाचणीनं विचारलं.

"ढगासारखी," आई म्हणाली.

"मला साळिंदरासारखं दिसायचंय."

"घरी आल्यावर दिस हं, बाळा."

तर निघाली मंडळी. डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याजवळ, पण काठापासून चांगलं लांब, तंबू पडला. समोर मऊ, काळाशार, ओला चिखल होता. टाचणीनं तो पाहिला आणि तिचे डोळे चमकले.

"बाबा, चिखल!"

"तिकडे बघू नकोस," दाभणराव म्हणाले. "आपण निसर्ग बघायला आलोय."

सकाळी अळी झाली. काट्या आज्ञाधारक होता, त्यानं गिळली. मग तो झुडपामागे गेला आणि बराच वेळ आला नाही. सुईबाईंनी गुपचूप दोन कंद खणून त्याच्या तोंडात कोंबले तेव्हा कुठे पोराच्या तोंडावर रंग आला. मग आनंदाचा तास सुरू झाला. चौघं गोल बसून हसली. हसता हसता काट्यानं विचारलं, "आई, मी आता आनंदी आहे ना?"

सुईबाईंचं हसणं थांबलं. पण तास अजून संपला नव्हता, म्हणून त्या पुन्हा हसू लागल्या.

टाचणी हसत नव्हती. ती कोमेजली होती. कंद पुढे केला तरी तोंड फिरवत होती. घरी असताना ती दिवसभर काही ना काही उकरत असे, काटे वाजवत गाणी म्हणत असे. आता वाजवायला गेली की नुसतं फुसफुस व्हायचं.

दिवस कलला. दाभणराव तंबूची दोरी घट्ट करत होते, सुईबाई काट्याचं पोट चोळत होत्या. तेवढ्यात टाचणी जी सटकली, ती थेट चिखलात. तिथून ओढ्यात. तिथून पुन्हा चिखलात. तिनं अंग घासलं, डुबक्या मारल्या, नाकानं बुडबुडे काढले. पातळ डिंक तो कितीसा टिकणार? एकेक बोंड सुटलं आणि ओढ्यातून वाहत गेलं. टाचणीनं मागे वळून अंग हलवून पाहिलं.

खळ्. खळ्ळ्.

त्या पोरीला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की तासाची वगैरे तिला आठवणही राहिली नाही.

इकडे तंबूपाशी बिबट्या आला.

तो सहज म्हणून चालला होता. समोर पांढरेशुभ्र, गुबगुबीत, कापसाचे तीन गोळे पाहून थबकला.

"ससे?" तो म्हणाला. "एवढाले? पोषण सुधारलेलं दिसतंय हल्ली!"

"आम्ही साळिंदरं आहोत," दाभणराव म्हणाले. आवाज जमेल तितका जाड केला होता.

"मग काटे वाजवून दाखवा."

दाभणरावांनी शूरपणे पाठ फिरवली. सगळी ताकद एकवटून काटे थरथरवले. उशी झटकल्यासारखा आवाज आला. बिबट्याला हसू फुटलं.

"कापूस काढा, अहो, कापूस काढा!" सुईबाई ओरडल्या. दाभणराव दातांनी बोंडं ओढू लागले. एकही निघेना. सुईबाईंचा डिंक होता तो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या हातगुणाचा राग आला. त्यांनी काट्याला पोटाखाली घेतलं आणि डोळे मिटले. टाचणी इथे नाही, एवढं एकच बरं झालं, असं त्यांच्या मनात आलं.

बिबट्यानं पंजा उचलला.

आणि मागून आवाज आला. खळ्ळ् खळ्ळ् खळ्ळ्!

चिखलानं बरबटलेली, निथळणारी, काळीकुट्ट टाचणी उलटी उलटी येत होती. भरधाव. बिबट्यानं वळून बघितलं, आणि नाक पुढे करून बघितलं, ही त्याची चूक झाली.

त्याची किंकाळी डोंगराच्या पलीकडे ऐकू गेली. नाकात काटे, पंजात काटे, अशा अवस्थेत तो जो पळाला, तो सगळ्या बिबट्यांना सांगत सुटला, "ससे टोचतात! सशांपासून सावध!" तेव्हापासून त्या भागातले ससे छाती काढून फिरतात. का, ते त्यांनाही ठाऊक नाही.

सुईबाईंनी टाचणीला पोटाशी धरलं. चिखलासकट. दाभणरावांचे डोळे भरून आले. ते काहीतरी छान बोलणार, एवढ्यात टाचणी शिंकली.

"शिंकलीस?" दाभणरावांचा आवाज बदलला. "पाण्यात गेली होतीस? कुणाला विचारून?"

दुसऱ्याच दिवशी सहल आवरती घेण्यात आली.

जंगलात सभा भरली. टिटवीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली.

"बघा," त्या म्हणाल्या. "कापूस लावलेल्या तिघांना ओरखडाही आला नाही. काढला तिला सर्दी झाली."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दाभणरावांनीही वाजवल्या, कारण म्हणणं बरोबरच होतं. म्हाताऱ्या कासवानं काही विचारायला तोंड उघडलं, पण त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत ठराव झाला होता. यापुढे जंगलातल्या एकूण एक साळिंदराच्या पिल्लाला कापूस, सहल असो वा नसो. आणि डिंक अर्थातच सुईबाईंचा.

टाचणी कोपऱ्यात नाक ओढत बसली होती. तिनं आईकडे पाहिलं. आईनं तिच्याकडे पाहिलं नाही.

"करते की," सुईबाई म्हणाल्या. "त्यात काय!"

दुसऱ्या दिवशी चुलीवर भलं मोठं पातेलं चढलं. वास्तविक तार यायला हवी होती. टिटवीबाई जातीनं बघायला आल्या होत्या. पण उभ्या उभ्याच त्यांची नजर आभाळाकडे गेली. ती सवयच होती त्यांची.

तेवढ्यात सुईबाईंनी पातेल्यात घागरभर पाणी ओतलं.

तात्पर्य: बालमित्रांनो, मोठी माणसं जे सांगतात ते तुमच्या भल्याचंच असतं. ते सगळं निमूटपणे लावून घ्यावं. फक्त डिंक आईनं केलाय ना, एवढं आधी विचारावं.